करड्या पिल्लाची नोंद

बाबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की आमच्या सशांतल्या मोठ्या हिमालयन मादीच्या पोटी एक मिश्र पिल्लू निघालं, शेजारच्या करड्या नराचं, आणि हे पिंजऱ्याचं दार उघडं राहिल्यामुळे झालं. ते चुकीचं आहे. पिल्लू मिश्र नाही आणि दारही उघडं राहिलं नव्हतं. तुम्हाला लिहिलेलं चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. ही पत्रं बिस्किटांच्या डब्यात जातात आणि डबा कपाटावर. पण तेच वाक्य मी कामावरच्या नोंदवहीतही लिहिलं. त्या वाक्याने एका बाईचं काम गेलं, आणि येत्या बुधवारी ते पिल्लू, म्हणजे आता चार महिन्यांचा नर, ट्रकमध्ये चढेल. ट्रक कातडी कमावणाऱ्याकडे जातो. म्हणून ही दुरुस्ती आधी तुमच्यासमोर करते, कारण नोंद कशी करायची हे मी तुमच्याकडून शिकले, आणि चुकले तेही तुमच्याच पद्धतीने मोजून.

ठाण्याची पडवी मला अजून जशीच्या तशी दिसते. मी सात वर्षांची आहे, सांध्यांचा ताप येऊन गेलाय, डॉक्टरांनी शाळा दोन वर्षं बंद सांगितलीय. तुम्ही मुंबईच्या प्रयोगशाळेतलं जनावरांचं घर सांभाळता आणि तिथून काढून टाकलेली हिमालयन सशांची एक जोडी घरी आणता. लांबट, अरुंद, नळीसारखं अंग, पांढरंशुभ्र. नाक, दोन कान, चार पाय आणि शेपूट तेवढी काळी. डोळे लाल. आई चुलीपुढून उठून बघायला येते आणि पदर नाकाला लावते. "जे खायचं नाही त्याला घरात कशाला आणायचं?" तुम्ही शांतपणे म्हणता, "खायचं नाही म्हणूनच तर सांभाळता येतं. कोंबडीशी मैत्री करून काय उपयोग?" आई हसते, पण त्या दिवसापासून सशांसाठी कोबीची पानं काढून ठेवायला लागते आणि ते कुणाला कळू देत नाही.

माझी शाळा तीच. बेरीज मी पिल्लांवर शिकले आणि वजाबाकी मेलेल्या पिल्लांवर. अक्षर तुम्ही नोंदवहीत गिरवून घेतलंत: आज पाणी किती प्यालं, गवत किती उरलं, लेंड्या कोरड्या की ओल्या. कानाला धरून उचलायचं नाही, मागच्या पायांखाली हात हवा. सुकं गवत कधी संपू द्यायचं नाही, कारण दात जन्मभर वाढतात आणि पोट एकदा थांबलं की पुन्हा चालू होत नाही. ओला पाला द्यायचा नाही. मादीला नर दाखवल्यापासून एकतीस दिवस मोजायचे आणि अठ्ठाविसाव्याला पेटी ठेवायची, म्हणजे मादी छातीचे केस उपटून अंथरूण करते. पहाटे ससा वाकून स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातो, ते बघून मी किळसले होते. तुम्ही म्हणालात, "आपल्या धर्मग्रंथात, तोरात, लिहिलंय ना, तो रवंथ करतो. रवंथ म्हणजे हेच असेल, कुणी सांगावं. नीट बघ आणि लिही." खूर फाटलेला नाही म्हणून तो आपल्याला, ज्यूंना, खायला निषिद्ध, हे मला त्याच दिवशी कळलं, आणि निषिद्ध म्हणजे वाईट नव्हे हेही.

तुम्ही या जातीची कुळकथा सांगायचात तेव्हा प्रत्येक वाक्याआधी "असं म्हणतात" लावायचात. हिमालयाचं नाव आहे, पण हिमालयात तो कुणी पाहिल्याचं तुमच्या ऐकण्यात नव्हतं. कुणी त्याला चिनी म्हणतात, कुणी रशियन, कुणी इजिप्तचा. विलायतेत याची पांढरी कातडी महागड्या एर्मिन फरच्या नावाखाली खपवली जायची. "बिचाऱ्याला स्वतःचं गाव नाही," तुम्ही म्हणालात. "जिथे राहतो तिथला होतो. इथे ठाण्यात याच्या पायांचे मोजे फिके पडतात. थंड देशात काळेभोर असतात."

आणि मग ती मादी. तुम्ही प्रयोगशाळेतून आणलीत तेव्हा तिच्या पाठीवर, मधोमध, बिस्किटाएवढा चौकोनी काळा डाग होता. मी विचारलं हा कुणी काढला. तुम्ही म्हणालात, "थंडीने." मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा मी ओलं फडकं घेऊन तिची पाठ घासली, शाई निघते का बघायला, आणि नंतर आईला जाऊन सांगितलं की बाबांनी सशाला शाई लावली. तुम्ही मला मारलं नाहीत, कधीच मारलं नाहीत, पण त्या दिवशी तुमचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला. "शाई लावताना बघितलंस?" नाही. "फडक्याला शाई लागली?" नाही. "मग तू आईला काय सांगितलंस? पाहिलेलं की वाटलेलं?" मग तुम्ही समजावलंत की तिथे तिची पाठ भादरून थंड ठेवली होती, म्हणून तेवढ्या जागी केस काळे उगवले, या जातीचं अंग जिथे गार पडतं तिथे रंग चढतो. मला ते पटलं नाही, पण मी मान हलवली. त्याच आठवड्यात तुम्ही मला माझी स्वतःची वही दिलीत, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात: पाहिलेलं एका बाजूला, वाटलेलं दुसऱ्या बाजूला. पुढे त्या मादीचे केस गळले आणि डाग पांढरा झाला, तेव्हा मी तो पाहिला, लिहिला आणि विसरून गेले.

इस्राएलचं हे राज्य झालं त्याच वर्षी तुम्ही वारलात. त्यानंतर चार वर्षांनी आई आणि मी इथे आलो. वाळवंटातल्या येरुहाममध्ये आम्हाला एक लाकडी खोली मिळाली. इथे तिला त्स्रिफ म्हणतात. भिंतीच्या फटीतून वाळू येते आणि आई रोज ती झाडते, जणू उद्या येणार नाही. वस्तीच्या टोकाला सशांची शेड आहे. बहुतेक ससे लोकरीसाठी, लांब केसांचे. खाणारं इथे कोण आहे! शेडचे मुख्य रुमानियाहून आलेले म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनी हट्टाने दोन माद्या आणि एक नर आणवला, हिमालयन, कारण त्यांच्या लहानपणी घरी तेच होते. मी पहिल्या दिवशी पिंजऱ्यापुढे उभी राहून रडले तेव्हा त्यांना वाटलं मी घाबरले. मी म्हटलं, "आमच्याकडे यांना हिमालयन म्हणतात." ते म्हणाले, "आमच्याकडे रशियन. आणि रशियन माणूस म्हणत असेल, घेऊन जा, आमचा नाही." मग त्यांनी मला मादीची नखं दाखवायला सांगितली. मी अठराच्या अठरा तपासली. शुद्ध जातीत एकही पांढरं नख चालत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी तिथल्या तिथे नोंदवही माझ्या हातात दिली.

माझ्याबरोबर काम करायची ती बाई मोरोक्कोची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, पाच मुलांची आई. तिला लिहिता येत नाही, पण कोणत्या सशाने सकाळी खाल्लं नाही हे ती दारातूनच सांगते. माझी वही बघून ती हसायची. "लिही, लिही. सशाने शिंक दिली तर देवाला कळलं नसेल, तू कळव." आणि पिंजऱ्याचं दार लावताना ती खिट्टी सरकवायची, मग दार ओढून बघायची, मग पुन्हा ओढायची. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "अगं, पाच पोरं घरात ठेवून कामावर येते. दार लागलंय की नाही हे मला तू शिकवू नकोस."

या हिवाळ्यात इथे फार थंडी पडली. ठाण्यात कधी पाहिले नाहीत इतके काळे झाले त्यांचे कान. मोठी मादी व्यायली तो शुक्रवार होता. तुमची शुक्रवारची शिस्त मी इथेही ठेवली आहे: शब्बाथच्या, शनिवारच्या विश्रांतीच्या, आधी पाणी, गवत, गोणपाट. गोणपाट म्हणजे पिंजऱ्यापुढचा पडदा, वारा अडवायला रात्री खाली सोडायचा. त्या दिवशी दुपारी आईने निरोप पाठवला होता की केरोसीनचा स्टोव्ह पेटत नाही आणि दिवे लावायची वेळ जवळ येतेय. मी पाणी भरलं, गवत घातलं, मादीला पेटीत केस उपटताना पाहिलं आणि धावत घरी गेले.

शनिवारी सकाळी आपण खाण्याआधी जनावरांना घालायचं, म्हणून मी शेडवर गेले. पाच पिल्लं होती, उघडी, गुलाबी. चार पेटीत आणि एक पेटीच्या तोंडाशी, बाहेर, गार पडलेलं. शब्बाथला त्याला हात लावावा की नाही यात माझा एक क्षण गेला. मग तुम्हीच आठवलात: जीव गार पडत असेल तर शब्बाथ थांबेल. मी त्याला ब्लाऊजच्या आत धरून ऊब दिली आणि केसांत परत ठेवलं. तरी पुढे बरेच दिवस ते कडेलाच पडलेलं असायचं, बाकीचे त्याला बाहेर ढकलायचे. शब्बाथला लिहायचं नाही, म्हणून सगळं डोक्यात ठेवलं आणि शनिवारी संध्याकाळी, तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर, वहीत लिहिलं: पाच पिल्लं, सगळी जिवंत, गोणपाट सोडलेलं.

दोन आठवड्यांनी चार पिल्लं पांढरी आणि ते एक पाठीवर करडं. तसं पिल्लू मी जन्मात पाहिलं नव्हतं. ठाण्यात ते होणारच कसं? मुख्यांना मोतीबिंदू आहे, त्यांनी पिल्लू डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "हे काय आहे? तू सांग. तुझी वही काय म्हणते?" वही उघडून मी तुमच्यासारखे एकतीस दिवस मागे मोजले. त्या दिवशी मी नर दाखवला होता. आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बेर्शेबाच्या हॉस्पिटलात गेले होते. शेडमध्ये ती मोरोक्कोची बाई एकटी होती आणि शेजारच्या पिंजऱ्यात करडा नर. मी म्हटलं, "मिश्र आहे. दार उघडं राहिलं असेल." 'असेल' म्हटलं, बाबा. पण लिहिताना 'राहिलं' लिहिलं, कारण नोंदवहीत 'असेल' बरं दिसत नाही.

मुख्यांनी तिला बोलावलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी दार लावलं होतं. दोनदा ओढलं होतं. ही बघतेच मला रोज." मुख्य माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "त्या दिवशी मी नव्हते." हे खरं होतं. मग तिने अॅप्रन सोडला, घडी घातली आणि गोण्यांवर ठेवला. पुढच्या आठवड्यापासून ती रस्त्याच्या कामावर आहे, मित्स्पे रामोनकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी फोडायला.

आता दुरुस्ती कशी झाली ते सांगते. पाचांपैकी दोन पिल्लं गेली, दोन माद्या राहिल्या आणि हा एक नर. म्हातारा नर पेसाहच्या सणानंतरच्या पहिल्या हमसिनमध्ये, वाळवंटी वाऱ्यात, गेला. थंडी हे ससे सोसतात, गरम वारा नाही. ओली फडकी टांगूनही तो वाचला नाही. मुख्य म्हणाले की मिश्र नरावर वंश चालवण्यापेक्षा संपलेला बरा, चार माद्या म्हाताऱ्या होऊन मरतील, आपलं नशीब. त्याच आठवड्यात या नराचे केस गळू लागले. मी रोज विंचरत होते. करडे केस फणीत येत होते आणि खालून पांढरे. गुरुवारी शेवटचा करडा झुबका निघाला. पांढरी पाठ, काळं नाक, काळे कान, काळे मोजे. मी त्याला उलटा करून नखं मोजली, सगळी काळी. मग खाली बसले, आणि तुमच्या मादीच्या पाठीवरचा चौकोन मला आठवला, आणि ओलं फडकं.

घरी येऊन मी वही उघडली. करड्या नराच्या पिल्लाचे डोळे तपकिरी असते. आणि माझ्याच अक्षरात, ज्या पानावर मी 'मिश्र' लिहिलं त्याच पानावर, चार ओळी वर, लिहिलेलं आहे: दहावा दिवस, डोळे उघडले, पाचही लाल. मी पाहिलेलं लिहिलं होतं. वाचलं नव्हतं.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग साहेबाला सांग आणि मोकळी हो. सशाला सर्दी झाली होती म्हणावं." मी म्हटलं, "सर्दी नाही आई. आणि मला नोंदवहीवरून काढून टाकतील." ती म्हणाली, "टाकू देत. तुझ्या बापाने तुला ससे दिले, वही दिली, एक नवरा तेवढा बघून दिला नाही. आता वही जाईल तर जाईल." मग भाकरी तव्यावर टाकताना, माझ्याकडे न बघता: "त्या मोरोक्कोवालीच्या हातांना फडकी बांधलेली असतात. मी तिला दुकानाच्या रांगेत बघते. तीच पहिल्यांदा शालोम म्हणते."

मीही तिला बघितलं होतं, गेल्या मंगळवारी, पाण्याच्या टाकीपाशी. तिने विचारलं, "तुझा तो करडा राजपुत्र कसा आहे?" मी म्हटलं बरा आहे. ती म्हणाली, "गवत बघ हं त्याचं. कडेला टाकलेलं पोर आहे, जास्त खातं." तिला अजून ठाऊक नाही की त्याला पाठवताहेत. मी डबा भरून घरी आले.

एवढं लिहूनही पत्र पूर्ण खरं झालेलं नाही. गोणपाटाचं राहिलं. शुक्रवारी मी ते सोडलं नव्हतं. शनिवारी सकाळी गेले तेव्हा ते वर गुंडाळलेलं होतं, शुक्रवारी दुपारी होतं तसंच, आणि वारा सरळ पेटीवर येत होता. पिल्लू आत ठेवल्यावर मी ते स्वतः खाली सोडलं. दोरीची गाठ गार होती, बोटांना सुटेना, हे मला नीट आठवतं. संध्याकाळी मी लिहिलं 'गोणपाट सोडलेलं'. लिहिलं तेव्हा ते सोडलेलंच होतं. माझी नोंद खोटी नव्हती म्हणून मी इतके महिने झोपू शकले. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, कधी सोडलं, आणि कुणी.

त्या पानावर खाडाखोड करणार नाही. खाली नवीन ओळ लिहीन: शुक्रवारी पडदा सोडायला मी विसरले, एक पिल्लू गार पडलं, करडा रंग थंडीचा होता, पहिल्या केसगळतीत गेला, डोळे लाल, नखं काळी, नर शुद्ध, दार लावलेलं होतं. ही ओळ आधी तिला वाचून दाखवीन, मग मुख्यांना. तिच्या आधी त्यांना सांगणं बरोबर नाही. ती मला काय म्हणेल माहीत नाही. काम परत देणं माझ्या हातात नाही, पण माझी जागा तिला द्या असं मी म्हणणार आहे. सशांना माझ्या वहीपेक्षा तिची नजर जास्त उपयोगी आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवायची हे तिला सांगावं लागणार नाही.

आज रविवार आहे, दुपारचे चार वाजलेत. मुख्य बेर्शेबाला गेले आहेत, मंगळवारी सकाळी येतील. तोरातल्या सृष्टीच्या कथेत देवाने मंगळवारी 'चांगलं आहे' हे दोनदा म्हटलंय म्हणून तुम्ही नवीन कामं मंगळवारी काढायचात, तेही मनात आलं. पण ती इथेच आहे, चार रांगा पलीकडच्या खोलीत, आणि आत्ता घरी असेल. तिच्या मुलांचा आवाज इथपर्यंत येतोय. तिच्याकडे जायला मला मंगळवार लागत नाही. ते दोन दिवस मी भीतीसाठी ठेवले होते, आणि ते तुमच्या मंगळवारावर ढकलत होते.

मुख्यांकडे मंगळवारी, सकाळी आठला. तिच्याकडे आजच, रविवारी. वही हातात आहे. हे पत्र डब्यात ठेवते आणि निघते.